कुऱ्हाडीचा दांडा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर इतकी रुळलेली आहे की, तिच्यातील कुऱ्हाड, दांडा आणि गोत यांपैकी एकही वस्तू आता कोणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. घरभेद्याला उद्देशून ती वापरावयाची आणि मोकळे व्हावयाचे, एवढेच तिचे काम उरले आहे. परंतु म्हण ज्याने प्रथम केली त्याने दांडा नीट पाहिला होता, यात शंका नाही. सह्याद्रीच्या उतारावर धामण नावाचे एक झाड वाढते. त्याचे लाकूड चिवट असते. ते लवते, पण तुटत नाही. घाव बसला म्हणजे हाताला जो हादरा पोहोचावयाचा तो धामणीचा दांडा वाटेतच गिळतो. म्हणून माहितगार माणूस कुऱ्हाडीला धामणीचाच दांडा शोधतो. ती न मिळाल्यास तिवस किंवा बोर यांवर भागवतो. पाते लोहाराच्या भट्टीतून येते, दांडा मात्र रानातून. झाडावाचून झाड तुटत नाही, ही गोष्ट म्हणीने टोमण्यासारखी सांगितली. ज्यांच्या हातात जन्मभर तो दांडा राहिला त्या माणसांविषयी मात्र तिने अक्षरही काढले नाही.

त्या माणसांविषयी एकंदर भाषेनेच फारसे काही सांगितलेले नाही. बालवयात प्रत्येकाला एक गरीब लाकूडतोड्या भेटतो. त्याची कुऱ्हाड नदीत पडते, देवता त्याला सोन्याची कुऱ्हाड दाखवते आणि तो ती नाकारतो. या कथेत त्याचा प्रामाणिकपणा आहे, दारिद्र्यही आहे. परंतु त्याला झाड तोडता येत होते की नाही, याची चौकशी कोणीच करीत नाही. जणू काही ते कोणालाही येते! शब्दांकडे पाहिले तरी तेच. नारळ फोडावयाचा तर मराठी माणूस तो ‘वाढवतो’, सुवासिनीची बांगडी फुटली तर ती ‘वाढते’, दुकानदार रात्री दुकान ‘वाढवतो’. ज्या भाषेने फुटण्याला आणि मिटण्याला इतके हळुवार शब्द शोधले, तिने झाडाच्या बाबतीत मात्र ‘तोड’ हा उघडाबोडका शब्द तसाच राहू दिला आणि तो तोडणाराच्या नावालाही चिकटवला.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या कामाचे जितके प्रकार पाहावयास मिळतात तितके एवढ्या लहान टापूत अन्यत्र क्वचितच मिळतील. मुळात हा मुलूख एकच. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा केलेला जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. पश्चिमेच्या कड्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. त्यामुळे जावळी, पाटण, शिराळा येथील रानात जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, फणस. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत बाभूळ, आंबा, चिंच. आणि माणदेशच्या माळावर लिंब व बोर अशी झाडांची वाटणी झाली आहे. झाडे वेगळी तसे हातही वेगळे. बाभळीच्या गाठाळ, काटेरी बुंध्यावर वाढलेला हात ऐनाच्या सरळ खोडावर आला तर पहिले दोन दिवस तो बुजतो, आणि घाटावरचा कसबी माणूस बाभळीच्या आडव्यातिडव्या रेषा पाहून कपाळाला हात लावतो.

झाड पाडणे म्हणजे बळाचे काम, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते. जाणता माणूस मात्र पहिला घाव घालण्यापूर्वी बराच वेळ काहीच करीत नाही. तो झाडाभोवती फिरतो. दूर जाऊन शेंड्याकडे पाहतो. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरून लोंबकळत सोडली की तिचाच ओळंबा होतो. त्या ओळंब्याच्या रेषेशी बुंधा ताडून झाडाचा झोक कोणीकडे आहे ते तो ठरवतो. मग कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठिकठिकाणी ठोके मारून कान देतो. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो. आत ढोली असली म्हणजे तो पोकळ, भांड्यासारखा येतो. ढोलीचे झाड फसवे. बाहेरून ते शहाण्यासारखे उभे असते आणि निम्मा घाव होण्यापूर्वीच भलतीकडे बसते. वर आग्या मोहोळ आहे काय, घरटी आहेत काय, एखादी जाड वेल या झाडावरून शेजारच्या झाडावर गेली आहे काय, हेही पाहावे लागते. वेल अगोदर तोडली नाही तर पडणारे झाड शेजाऱ्याला ओढते, आणि ज्या बाजूला कोणी पाहत नव्हते त्या बाजूने मरण येते.

त्यानंतर येते खाच. ज्या दिशेला झाड पडावयास हवे त्या बाजूला बुंध्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत, फार तर तिसऱ्या हिश्शापर्यंत पाचरीच्या आकाराची खाच घ्यावयाची. मग पाठीमागून, खाचेच्या पातळीहून थोडे वर, करवत लावावयाची. या दोन चिरांच्या मध्ये लाकडाची जी पट्टी न तोडता राखली जाते तिच्यात सारे कसब साठलेले आहे. दाराला बिजागरी तशी झाडाला ही पट्टी. झाड कलताना ती हळूहळू वाकते आणि त्याला ठरलेल्या दिशेनेच खाली नेते. घाईने ती कापून टाकली तर झाड कोणाचेच राहत नाही, वारा म्हणेल तिकडे जाते. उलट फार झोकलेल्या झाडाची खाच उथळ घेतली तर खोड उभे चिरते आणि त्याचा मागचा भाग उसळून करवत्याच्या छातीवर येतो. म्हणूनच पळण्याची वाट आधी साफ करून ठेवावयाची असते. तीही अगदी पाठीमागे नव्हे, कारण बुंधा मागे उडी मारतो, तर तिरकस मागे. एवढे सारे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत शिकवले जात नव्हते. बापाने किंवा चुलत्याने सांगितले, मुलाने पाहिले, एवढीच त्याची परंपरा.

दोन माणसांनी ओढावयाची लांब करवत ही तर परस्परांविषयीच्या आदराची कसोटीच म्हणावी लागेल. नवशिक्याला वाटते की, एकदा आपल्याकडे ओढावी आणि एकदा जोडीदाराकडे ढकलावी. ढकलताच पाते वाकते, चिरेत अडकते आणि दोघांचाही दम फुकट जातो. नियम असा की, प्रत्येकाने फक्त ओढावयाचे. दुसऱ्याची पाळी आली म्हणजे हात सैल सोडून पाते त्याच्याकडे जाऊ द्यावयाचे. मूठ सोडावयाची नाही आणि जोरही लावावयाचा नाही. कृष्णाकाठच्या बोलीत म्हातारा करवत्या पोराला एवढेच सांगतो, “वढ, पर रेटू नगंस.” या चार शब्दांत अर्धी विद्या आली. बलवान माणसाने आपला वेग दुबळ्याच्या वेगापर्यंत उतरवावा लागतो. तो उतरवला नाही तर प्रथम दुबळा थकतो आणि मग बलवानाला रिकाम्या मुठीशी झुंजावे लागते. पुतण्याने करवत रेटली म्हणून चुलता रागावला तरी तो राग करवतीपुरता असतो. दुपारी भाकरीचे गठुळे सोडताना ठेच्याचा पहिला वाटा पोरालाच मिळतो.

ओंडक्याच्या फळ्या पाडताना हीच गोष्ट निराळ्या रूपाने दिसते. ओंडका तिरपा टेकवून एकजण त्याच्यावर चढतो आणि दुसरा खाली उभा राहतो. सुताला गेरू लावून रेघ मारलेली असते. वरचा माणूस वरची रेघ पाहतो, खालचा खालची. पाहणाराला वरचा शहाणा वाटतो, कारण खालच्याच्या डोक्यावर दिवसभर भुसा पडत असतो आणि त्याने तोंडावर फडके बांधलेले असते. वास्तविक फळी सरळ निघते ती दोघांच्याही रेघा जुळल्या तरच. वरचा अर्धा बोट चुकला तर खालचा ते हातातल्या ओढीवरून ओळखतो आणि काही न बोलता थांबतो. तो थांबला म्हणजे वरच्यानेही थांबावयाचे, कारण विचारावयाचे नाही. टोळीतही हाच शिरस्ता. वयाने किंवा अनुभवाने वडील असलेल्या ‘आबा’ने ‘थांबा’ म्हटले की, झाड निम्मे कापलेले असले तरी सर्वांचे हात खाली येतात. आणि लहानात लहान पोराने ‘वर फांदी हलली’ असे ओरडले तरी आबा त्याला हसत नाही, मान वर करून पाहतो. जेथे चुकीची किंमत जीव देऊन चुकवावी लागते तेथे मानापमान फार काळ टिकत नाहीत.

या नम्रतेला धर्माचा आधारही फार जुना आहे. यज्ञातील यूपासाठी झाड तोडताना कुऱ्हाड व बुंधा यांच्या मध्ये दर्भाची काडी ठेवावयाची, कुऱ्हाडीने झाडाला इजा करू नये अशी प्रार्थना करावयाची, आणि झाड पडल्यावर उरलेल्या खुंटावर तुपाची आहुती देऊन त्याला पुन्हा पालवी फुटावी असे मागावयाचे, असा विधी वैदिक वाङ्मयात सांगितला आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त देवमूर्तीसाठी लाकूड आणण्यावर एक संबंध अध्याय आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करावी, त्यावर वस्ती करणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी आणि सकाळी मध व तूप लावलेल्या कुऱ्हाडीने घाव घालावा, असे तेथे सांगितले आहे. झाड कोणत्या दिशेला पडले म्हणजे कोणते फळ मिळते, याची जी यादी त्या अध्यायात आहे तिच्यावर आज कोणी विश्वास ठेवावा असे नाही. पण आदल्या संध्याकाळी झाडापाशी जाऊन बसण्याचा जो दंडक, त्याचे मोल कोणताही करवत्या सांगू शकेल. पाखरे संध्याकाळीच घरट्याला परततात. वारा कोणत्या बाजूने वाहतो ते त्याच वेळी कळते. आणि मुख्य म्हणजे, एक रात्र मध्ये गेली की, तोडावे की तोडू नये, याचा विचार पुन्हा एकदा होतो.

जपानातील इसे येथील देवस्थानाची मंदिरे दर वीस वर्षांनी नव्याने बांधली जातात. २०१३ साली ती अशी बांधली गेली, आणि पुढल्या खेपेसाठी पहिली झाडे २०२५ च्या जून महिन्यात किसोच्या डोंगरांत समारंभपूर्वक पाडण्यात आली. तेथील लाकूडतोडे करवत वापरीत नाहीत. तीन बाजूंनी कुऱ्हाडीने पोखरीत नेऊन ते बुंध्याला तीन पायांवर उभे ठेवतात. मग पाठीमागचा एक पाय तोडताच तो प्रचंड वृक्ष उरलेल्या दोघांच्या मधून ठरल्या जागी येतो. नंतर त्याच झाडाचा शेंडा तोडून खुंटावर रोवतात आणि सारे हात जोडतात. यूपाच्या खुंटावरची आहुती आणि हा शेंडा यांत हजारो कोसांचे अंतर आहे. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे म्हणण्यास आधार नाही. झाड पडल्यावर जो एक सुन्न क्षण येतो, तो बहुधा सर्व देशांतील माणसांना सारखाच येत असावा.

परंतु पूजेने सर्व भागते असे नाही. झाड कोणाचे, हा प्रश्न पूजेपेक्षा कठीण. या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत नेटके उत्तर १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त मिळते. हा मजकूर पुष्कळदा खुद्द शिवाजी महाराजांचा म्हणून सांगितला जातो. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे. मात्र महाराजांच्या कारभारात वाढलेल्या माणसाची मुरलेली समज त्यात आहे, एवढे खरे. आरमारासाठी लाकूड हवे, आणि पुष्कळ हवे. तेव्हा स्वराज्याच्या अरण्यातील सागवानादी झाडे हुजूर परवानगीने तोडून न्यावी, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही जहाजाच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती गेली म्हणजे तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तरच मालकाला समजावून, पैसा देऊन, त्याचे समाधान करून ते न्यावे. बळजबरी सर्वथा करू नये. अशा अर्थाचे ते कलम आहे.

या कलमाचा गौरव सर्वजण करतात. त्यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. झाड जीर्ण आहे हे ठरवावयाचे कोणी? अमात्यांच्या कचेरीतील कारकुनाला ते ठरवता येणार नाही. बुंध्यावर ठोका मारून कान देणारा जो माणूस, त्यालाच ते कळते. म्हणजे राजाज्ञा पाळली जाण्यासाठी मालकाची संमती जितकी आवश्यक तितकाच तोडणाराचा प्रामाणिक शब्द आवश्यक. त्याने लोभाने भरल्या झाडाला जीर्ण म्हटले असते तर आरमाराला फळ्या मिळाल्या असत्या आणि रयतेची आमराई गेली असती.

पुढे इंग्रजी अंमलात हा शब्द घेणारे कोणी उरले नाही. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या जंगल कायद्याने रानाला हद्दीचे दगड लागले. डोंगरातला शेतकरी भाताच्या आणि नाचणीच्या रोपासाठी झाडाच्या फांद्या छाटून त्यांचा राब भाजीत असे. शेंडा राखून बाजूच्या फांद्या घ्यावयाच्या आणि पुढल्या वर्षी दुसरे झाड धरावयाचे, हा त्यातला जुना शिरस्ता. जो निष्काळजी होता त्याने शेंडाही छाटला आणि झाड खुजे केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कायद्याच्या लेखी शेंडा राखणारा आणि न राखणारा दोघेही सारखेच गुन्हेगार ठरले, आणि जेथे कसबी माणसाला कसबाचे श्रेय मिळत नाही तेथे कसब फार दिवस तग धरीत नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात जुन्या सातारा जिल्ह्यातील बिलाशी गावाने या कायद्यापुढे मान तुकविण्याचे नाकारले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी पुसदजवळ लोकनायक अणे यांनी राखीव रानात शिरून जे कापले ते गवत होते. कायदा तर मोडावयाचा आणि हात मात्र पुन्हा उगवणाऱ्या वस्तूलाच लावावयाचा, ही त्या प्रसंगातील सूचकता फार थोड्यांच्या ध्यानात राहिली आहे.

पुन्हा उगवणे ही गोष्ट तोडणाराच्या हातात बरीचशी असते. साग, ऐन यांसारखी झाडे खुंटातून धुमारे देतात. पण खुंट जमिनीसरशी, गुळगुळीत आणि किंचित उतरता राखला पाहिजे, म्हणजे पावसाचे पाणी त्यावर साचत नाही. साल बुंध्यापासून सोलवटता कामा नये. आणि तोड पानगळीनंतर, नवी पालवी येण्यापूर्वी व्हावयास हवी. घाईचा माणूस कंबरेइतक्या उंचीवर तोडतो, कारण त्याला वाकावयाचा कंटाळा येतो. त्याचा खुंट कुजतो. बांबूच्या बेटातही तेच आहे. बुरूड जुने, पिकलेले वेळू काढतो आणि कोवळे राखतो. अंधाऱ्या पंधरवड्यात काढलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, असे तो सांगतो. भुंगा बांबूतील पिठूळ अंशाच्या मागे येतो हे खरे. चंद्राचा त्याच्याशी संबंध किती, याचा वाद शास्त्रज्ञांनी खुशाल करावा. त्या समजुतीने बेटाला महिन्यातून पंधरा दिवस विसावा मिळाला, हा लाभ काही लहान नाही.

तोडलेल्या लाकडाला पुढे सुतार भेटतो, आणि येथेही मानाची देवघेव असते. कृष्णाकाठी गाडीची चाके, कुळव, पाभर ही सारी बाभळीची. ओली बाभूळ घडवली तर ती तडकते आणि किडते. म्हणून ओंडके पाण्यात बुडवून ठेवावयाचे आणि मग सावलीत वाळवावयाचे. झाड केव्हा पाडले, ते उभे वाळलेले होते की हिरवे, डोंगरउतारावर पिळलेले होते की सपाटीवर सरळ, हे सुतार तोडणाराला विचारतो आणि त्याच्या उत्तरावर विसंबतो. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर घरोघर जाऊ लागला. लाकडी नांगर मागे पडला, तसा या विचारपुशीचा एक मोठा प्रसंगही मागे पडला. शेतकऱ्याचे त्यात कल्याणच झाले. मिरजेत मात्र ती विचारपूस अजून टिकून आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूने, दांडी तुणीच्या लाकडाची. गाणारा तंबोरा जुळवताना त्या दांडीवर हात ठेवतो, तिच्यातील रेषा सरळ आहेत याचा त्याला विचारही करावा लागत नाही. त्या सरळ रेषांची पारख सतारमेकराच्या अगोदर रानात कोणीतरी करून ठेवलेली असते.

काही झाडांपुढे कुऱ्हाडीने खाली मान घालावी, असा संकेतही याच लोकांनी पाळला. देवराईतील वाळकी काटकीसुद्धा घरी न्यावयाची नाही, हा घाटमाथ्यावरील कित्येक गावांचा नेम. जावळी तालुक्यात वैराटगडाच्या परिसरात म्हसवे येथे जो वड आहे त्याचा घेर १८८२ साली मोजला तेव्हा १५८७ फूट भरला. अशा झाडाखाली गुरे बसली, वाटसरू झोपले, पण त्याच्या पारंब्या सरपणाला नेण्याची बुद्धी पिढ्यान्‌पिढ्या कोणाला झाली नाही.

मिरज तालुक्यातील भोसे येथील वडाची कथा मात्र निराळी आहे, आणि तिच्यात आजच्या काळाचे दर्शन घडते. सुमारे चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा हा वृक्ष यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ उभा होता. रत्नागिरी–नागपूर महामार्ग रुंद करताना तो आड आला. २०२० च्या पावसाळ्यात लोक त्याच्याभोवती जमले, विनवण्या दिल्लीपर्यंत गेल्या, आणि अखेर रस्त्याने आपली रेघ बदलली. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग बाजूला सरकला, ही आनंदाची वार्ता सर्वत्र झाली. दोनच वर्षांनी, २०२२ साली, तो वड उन्मळून पडला. त्या पडण्याचे खापर कोणा एकावर फोडून काही साधणार नाही. मात्र त्या निमित्ताने एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. झाड राखावयाचे ठरल्यावर त्याच्याभोवती किती माती मोकळी ठेवावी, कोणत्या बाजूच्या फांद्या छाटल्या असता तोल जाईल, कोणती पारंबी त्याचा खरा आधार आहे, हे सांगणारा माणूस अशा वेळी कोठे असतो? तो त्याच पंचक्रोशीत कोठेतरी कुऱ्हाड खांद्यावर टाकून रोजगार शोधीत असतो. झाड पाडावयाचे असले की त्याला बोलावणे जाते. वाचवावयाचे असले की त्याची आठवण होत नाही. ही विभागणी फार चुकीची आहे. झाड कसे पडते हे ज्याने शंभर वेळा पाहिले, ते कशाने उभे राहते हेही त्यालाच अधिक ठाऊक.

शहरांतून तर स्थिती आणखी केविलवाणी आहे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, शहरांसाठी १९७५ चा कायदा आहे. परवानगीचा कागद मिळतो किंवा मिळत नाही. मिळाला की पावसाळ्याच्या तोंडावर यंत्राची करवत घेऊन माणसे येतात आणि विजेच्या तारेकडची सारी बाजू उतरवून जातात. झाडाचा सगळा भार एका अंगाला जातो, आणि पुढल्या वादळात ते त्याच अंगाला, बहुधा कोणाच्या तरी छपरावर, आडवे होते. यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. त्याने घामाचे डोंगर वाचवले आहेत. फक्त ते एकट्याच्या हाती चालते. त्याच्या दुसऱ्या टोकाला जोडीदार नसतो, आणि म्हणून ‘रेटू नगंस’ असे सांगणारेही कोणी उरलेले नाही.

ज्यांच्या अंगणात जुना आंबा किंवा जांभूळ आहे अशा साताऱ्या-सांगलीच्या गृहस्थांकडे हा माणूस वर्षातून एकदा येतो. फाटकापाशी त्याच्याशी दराची घासाघीस होते. झाडावर चढताना तो चपला काढून बुंध्याला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो, आणि हे घरातून क्वचितच कोणी पाहते. त्याला ‘ए’ म्हणून हाक मारली जाते. वास्तविक त्याच्या टोळीत त्याला ‘तात्या’ म्हणतात. ही फांदी काढ, ती काढ, असे खालून फर्मावले जाते. तो ऐकून घेतो. मग कधीतरी भीतभीत म्हणतो, “ही ठिवा मालक, हिच्यावर झाडाचं वझं हाय.” ज्या घरात अशा वेळी कोणी दोन पावले मागे सरून वर पाहते आणि ‘बरे, तात्या, तुम्ही म्हणाल तसे’ असे म्हणते, त्या घरचे झाड बहुधा पुढची वीस वर्षे उभे असते.

वडाची मनगटाहून जाड अशी फांदी पहिल्या पावसात रोवली असता तिला मुळे फुटतात. मात्र ती फार कोवळी चालत नाही आणि फार जूनही चालत नाही. तिचा खालचा घाव तिरका व एकाच फटक्यात घेतलेला असावा लागतो, नाहीतर साल चिरडते आणि फांदी कुजून जाते. झाडावरून ती निवडून देताना तोडणारा माणूस प्रथम धार अंगठ्यावर पाहतो, मग कुऱ्हाड दगडावर दोनदा फिरवतो, आणि फांदी खाली पडू न देता दोराने सावकाश उतरवतो.